विद्यापीठांची कर्जे आणि 'हरित' शब्दाचा घोळ

स्टॉकहोम (१९७२) आणि तिबिलिसी (१९७७) इथल्या पर्यावरणविषयक परिषदांनंतर विद्यापीठांत पर्यावरण आले ते मुख्यतः अभ्यासक्रमातून. संस्थेच्या स्वतःच्या वीजबिलाकडे, बॉयलरकडे, कचऱ्याकडे लक्ष वळले ते १९९० च्या सुमारास. त्या वर्षी फ्रान्समधल्या एका छोट्या गावात जमलेल्या विद्यापीठप्रमुखांनी दहा कलमी जाहीरनामा काढला. पैसा कुठून आणायचा, यासाठी त्यात वेगळे कलम नव्हते.

सार्वजनिक विद्यापीठांचे घोडे पुढे तिथेच अडले. भांडवली अनुदान वेगळे, चालू खर्च वेगळा. वीज वाचवली, तरी अनेक ठिकाणी ती रक्कम संस्थेकडे न राहता पुढच्या वर्षीच्या अनुदानातून कापली जाई. मग वाचवायचे कशाला? बचत परत त्याच कामात घालणारा फिरता निधी हा त्यावरचा साधा आणि माझ्या मते आजवरचा सर्वांत प्रामाणिक उपाय. पण त्यातून दिवे बदलता येतात, अख्खी उष्णता-यंत्रणा नाही.

म्हणून रोखे, म्हणजे गुंतवणूकदारांना विकून उभे केलेले कर्ज. ते पर्यावरणपूरक कामासाठी असले, की त्याला 'हरित' म्हणतात. 'हरित' शिक्क्याचे पहिले रोखे २००८ मध्ये एका बहुपक्षीय बँकेने काढले, २०१४ मध्ये अशा रोख्यांसाठी ऐच्छिक तत्त्वे आली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने २१.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचे प्रमाणित हवामान रोखे (हरित रोख्यांचाच एक प्रकार) विकले.

खरा वाद आहे तो 'हरित' या शब्दाचा. त्या तत्त्वांनुसार हा शिक्का पैशाच्या विनियोगाला मिळतो, कर्जदाराला नाही. जुन्या प्रकल्पाचे कर्ज फेडण्यासाठी नवे हरित कर्ज काढले तरी चालते. फक्त त्याचे प्रमाण सांगावे, अशी शिफारस आहे. उत्तम मानांकनाची नवी प्रयोगशाळा उभी राहिली की दर चौरस मीटरमागे वीज कमी लागते, पण जुनी इमारत पाडली नाही तर विद्यापीठाचा एकूण वापर वाढतोच. सिमेंट-पोलादाचे उत्सर्जन तर आणखी वेगळे. कागदोपत्री सगळे नियमात बसते, आणि नेमके तेच खुपते. शिवाय परतफेड सौर पॅनेलच्या कमाईतून होत नाही. ती बहुधा सर्वसाधारण उत्पन्नातून, म्हणजे शुल्कातूनही होते. हे विद्यार्थ्यांना क्वचितच स्पष्ट सांगितले जाते.

'कार्बन-तटस्थ' (जेवढे उत्सर्जन, तेवढी भरपाई) या शब्दाचेही तसेच झाले. अमेरिकेतल्या एका मोठ्या राज्य विद्यापीठ-समूहाने २०१३ मध्ये २०२५ पर्यंत तटस्थ होण्याचे वचन दिले. ते गाठायला बाहेरून कार्बन-क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन-कपातीची प्रमाणपत्रे, विकत घ्यावी लागली असती. पुढे उद्दिष्टच बदलले: २०४५ पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जनात २०१९ च्या तुलनेत ९० टक्के कपात. मुदत लांबली, तरी हा बदल मला योग्य वाटतो, कारण आता खरी यंत्रणा बदलावी लागेल.

२०२० मध्ये उद्दिष्टाशी व्याजदर जोडणाऱ्या रोख्यांचीही तत्त्वे आली. त्यात पैसा कशावर खर्चला हे नव्हे, तर एकूण उत्सर्जन घटले का हे पाहता येते. उद्दिष्ट हुकले की व्याज वाढते. सार्वजनिक विद्यापीठात ते वाढीव व्याजही शुल्क आणि अनुदानातूनच भरावे लागते.