ककूर्गोस

ककूर्गोस (अनेकवचन ककूर्गोई) : 'दुष्कर्मी, गुन्हेगार' या अर्थाचा प्राचीन ग्रीक शब्द. 'ककोस' (वाईट) आणि 'एर्गोन' (काम) यांपासून तो बनला. बायबलच्या नव्या करारात तो चारच वेळा येतो. त्यांपैकी तीन वेळा तो लूककृत शुभवर्तमानात येशूबरोबर क्रुसावर दिलेल्या दोघांसाठी आहे (२३:३२, ३३, ३९). चौथ्या ठिकाणी, २ तीमथ्य २:९ मध्ये, आपण एखाद्या गुन्हेगारासारखे बेड्यांत आहोत असे पौल लिहितो.

शब्दाचे जुने रूप होमरच्या 'ओडिसी'त सापडते. भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस इरोस नावाच्या दुसऱ्या भिकाऱ्याशी झुंजायला निघतो, तेव्हा आपल्या पोटालाच तो हे विशेषण लावतो : हे दुष्ट पोट मला भाग पाडते आहे (सर्ग १८). पुढे अथेन्सच्या कायद्यात मात्र या शब्दाला नेमका अर्थ मिळाला. चोर, माणसे पळवून गुलाम करणारे आणि अंगावरचे कपडे हिसकावणारे, असे लोक ककूर्गोई ठरत. त्यांना पकडून थेट 'अकरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यांसमोर उभे करता येई. या कारवाईला 'अपागोगे' म्हणत. आरोपीने गुन्हा कबूल केला तर खटल्याविना देहदंड होई, नाकारला तर प्रकरण न्यायालयात जाई. अथेन्सचा भाषणलेखक अँटिफॉन याने लिहून दिलेल्या एका भाषणात खुनाचा आरोपी नेमकी हीच तक्रार करतो : आरोप खुनाचा असताना मला ककूर्गोस म्हणून का धरले?

लूकच्या काळापर्यंत ही कायदेशीर धार बोथट झाली होती आणि शब्द साधारण 'गुन्हेगार' एवढाच उरला होता. मराठी ख्रिस्ती बोलण्यात रुळलेला 'क्रुसावरचा चोर' त्यामुळे मुळाला धरून नाही. साध्या चोरीला क्रूस ही रोमन शिक्षाही नव्हती. ती प्रामुख्याने गुलाम, दरोडेखोर आणि बंडखोरांच्या वाट्याला येई.

मार्क (१५:२७) आणि मत्तय (२७:३८) हे शुभवर्तमानकार त्याच दोघांना 'लेस्ताई' (एकवचन लेस्तेस) म्हणतात. हा शब्द लुटारूंचा खरा, पण पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस रोमविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांनाही तोच लावतो. येशूऐवजी सोडून दिलेला कैदी बरब्बा यालाही योहान (१८:४०) 'लेस्तेस' म्हणतो, आणि तो दंगलखोरांबरोबर कैदेत होता असे मार्क (१५:७) सांगतो. लूकला हा शब्द माहीत नव्हता असे नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात (१०:३०) त्यानेच तो वापरला आहे. तरीही क्रुसाच्या प्रसंगात तो टाळला. येशूभोवती बंडाचा वास येऊ नये, हे त्यामागचे कारण असावे. लूकच्या कथनात रोमन सुभेदार पिलात येशूला तीनदा निर्दोष ठरवतो, त्याच्याशी हे जुळते. योहान (१९:१८) तर 'दुसरे दोघे' एवढेच म्हणून मोकळा होतो.

लूक २३:३२ चा पाठ आणखी रंजक आहे. पी ७५ हा पपायरस, सिनाई हस्तलिखित आणि व्हॅटिकन हस्तलिखित या जुन्या ग्रीक प्रतींतला शब्दक्रम 'दुसरे गुन्हेगार दोघे' असा आहे. तो सरळ वाचला तर येशूही गुन्हेगारांत मोजला जातो. नंतरच्या बहुतेक प्रतींत क्रम बदलून 'दुसरे दोघे, गुन्हेगार' असा झाला. नकलाकारांची अडचण समजण्यासारखी आहे. पण जुना पाठच मूळचा असावा, कारण सोयीचे वाक्य मुद्दाम अडचणीचे कोण करील? शिवाय याच लूकने आधी (२२:३७) यशया संदेष्ट्याचे वचन येशूच्या तोंडी घातले आहे : तो अपराध्यांत गणला गेला.