‘कर्नल’मधला र आला कुठून?

इंग्रजी स्पेलिंगमध्ये (colonel) दोन एल आहेत, आर एकही नाही. तरी उच्चार कर्नल. या शब्दाचं लेखन इटालियन वळणाचं आहे आणि उच्चार फ्रेंच वळणाचा.

मूळ लॅटिन ‘कोलुम्ना’, म्हणजे खांब. त्यावरून इटालियनमध्ये ‘कोलोन्ना’, सैन्याची रांग, आणि त्या रांगेचा नायक तो ‘कोलोनेल्लो’. फ्रेंचांनी शब्द घेतला तेव्हा जवळजवळच्या दोन ल-पैकी पहिल्याचा र झाला: ‘कोरोनेल’. याला विषमीकरण म्हणतात. सारखे ध्वनी पाठोपाठ आले की जीभ त्यातला एक बदलते. संस्कृत ‘निंब’चं मराठीत ‘लिंब’ झालं ते याच ओढीने, दोन अनुनासिकांपैकी पहिल्याचा ल होऊन. स्पॅनिशमध्ये आजही लिहितात आणि बोलतात ‘कोरोनेल’च. त्यामुळे काहींनी त्याचा संबंध ‘कोरोना’शी, म्हणजे मुकुटाशी जोडला, तो चुकीचा आहे.

इंग्रजीत १५४०च्या दशकात आला तो हा र-वाला शब्द. पुढे १५८०च्या सुमारास इटालियन युद्धशास्त्राची पुस्तकं भाषांतरित होऊ लागली आणि विद्वानांनी स्पेलिंगमध्ये ल परत आणला. बोलणाऱ्यांनी र सोडला नाही. बराच काळ दोन्ही उच्चार चालत होते, सिलॅबलही, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, तीन होते. इंग्रज कवी मिल्टनच्या १६४२च्या एका सुनीताची पहिली ओळ दहा सिलॅबलची भरते ती हा शब्द तीन सिलॅबलमध्ये म्हटला तरच. मधला स्वर नंतर झिजला आणि दोनच उरले.

आजची फोड कर् + नल. देवनागरीत रफार न-वर बसतो, पण उच्चारात र पहिल्या सिलॅबलचा आहे. आघातही पहिल्यावर, दुसऱ्यातला स्वर इतका क्षीण की ‘नेल’ म्हटलं की चुकलंच. ब्रिटिश उच्चारात र ऐकू येत नाही, आधीचा स्वर लांबतो. अमेरिकन उच्चारात र स्पष्ट असतो. दाणा किंवा गर या अर्थाच्या ‘कर्नल’चा (kernel) उच्चारही हुबेहूब असाच.

शब्दकोशात नोंदशब्दामध्ये दिलेले ठिपके ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा ते सांगतात. त्यांनाच सिलॅबल समजल्यामुळे ‘कॉ-लो-नेल’ होतं. ‘कलोनियल’शी गल्लत तर नेहमीचीच, पण तो शब्द ‘कोलोनस’ म्हणजे शेतकरी, वसाहतकरी यावरून आला. खांबाशी त्याचं नातं नाही.