जिरो दि'तालिया

इटलीत दरवर्षी मे महिन्यात होणारी, टप्प्याटप्प्याने चालणारी व्यावसायिक सायकल शर्यत. फ्रान्समधील तूर द फ्रान्स आणि स्पेनमधील व्हुएल्ता यांच्याबरोबर ती जगातल्या तीन सर्वांत मोठ्या शर्यतींत गणली जाते. तीन आठवडे, २१ टप्पे आणि सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर. सगळे टप्पे मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो विजेता. रोजचा टप्पा संपला की एकूण वेळेत जो आघाडीवर असतो त्याला गुलाबी जर्सी मिळते. मात्र नुसती विजेत्यांची यादी वाचून जिरो कळत नाही. या शर्यतीने हरलेल्यांची आणि नेटाने शेवट गाठणाऱ्यांचीही आठवण जपली आहे.

शर्यतीचा जन्म वर्तमानपत्रांच्या चुरशीतून झाला. 'कोरिएरे देल्ला सेरा' हे मोठे दैनिक सायकल शर्यत भरवणार असल्याची कुणकुण ऑगस्ट १९०८ मध्ये 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या क्रीडापत्राला लागली. गाझेत्ताचे संपादक तुल्लो मोर्गान्यी यांनी सहकाऱ्यांना तार करून तातडीने बोलावून घेतले. तिजोरीत पैसा नव्हता, तरी प्रतिस्पर्ध्याच्या आधी घोषणा करून टाकली. १३ मे १९०९ रोजी पहाटे २ वाजून ५३ मिनिटांनी मिलानमधून १२७ स्वार निघाले. आठ टप्पे आणि २,४४८ किलोमीटर पार करून ४९ जण परत पोहोचले. विजेता लुइजी गान्ना हा पूर्वी गवंडीकाम करणारा. त्या वेळी निकाल क्रमांकांच्या गुणांवर लागत असे. वेळ मोजली असती तर तिसऱ्या आलेल्या जोव्हान्नी रोसिन्योलीने बाजी मारली असती. वेळेवर निकाल लावण्याची पद्धत १९१४ मध्ये आली, आणि ते वर्ष भयंकर ठरले. आठपैकी पाच टप्पे चारशे किलोमीटरहून लांब होते. ८१ जणांनी सुरुवात केली, शेवटपर्यंत टिकले अवघे आठ.

१९२४ मध्ये मानधनावरून मोठे संघ अडून बसले, तेव्हा आयोजकांनी एकेकट्या स्वारांना प्रवेश खुला केला. त्यात आल्फोन्सिना स्त्रादा होती. पुरुषांच्या जिरोत उतरलेली ती आजवरची एकमेव स्त्री. यादीत तिचे नाव 'आल्फोन्सिन' असे छापले गेले, त्यामुळे अनेकांना ती पुरुषच वाटली. लाक्विला ते पेरूजा या टप्प्यात वादळी पावसात ती पडली, सायकलचे हँडल तुटले. झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून तिने ते कसेबसे सांधले आणि पुढे निघाली. पोहोचेपर्यंत वेळेची मर्यादा उलटून गेली होती. स्पर्धेतून नाव कमी झाले, पण आयोजकांनी तिला पुढे चालू दिले, आणि ती मिलानपर्यंत गेली. त्या वर्षी निघालेल्या ९० जणांपैकी अधिकृतपणे पूर्ण करणारे फक्त ३० होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या चिकाटीचे मोल कळते. पुढच्या वर्षी तिला प्रवेश नाकारला गेला. स्त्रियांची स्वतंत्र जिरो सुरू व्हायला १९८८ साल उजाडले.

गुलाबी जर्सी १९३१ मध्ये आली. गाझेत्ता गुलाबी कागदावर छापला जातो, तोच रंग जर्सीला दिला. ती पहिल्यांदा लेआर्को ग्वेर्राने घातली. आल्फ्रेदो बिंदाने तोवर चार वेळा जिरो जिंकली होती. त्याच्या वर्चस्वाने शर्यतीतली चुरसच संपत होती, म्हणून १९३० मध्ये आयोजकांनी त्याला भाग न घेण्याबद्दल चक्क २२,५०० लिरा दिले! १९३३ मध्ये तो पाचव्यांदा जिंकला. पुढे फाउस्तो कोप्पी आणि बेल्जियमचा एडी मर्क्स यांनीही पाच-पाच विजय मिळवले.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वर्षे कोप्पी आणि जिनो बार्ताली यांच्या चुरशीची. अख्खा इटली दोघांच्या बाजूंनी विभागला गेला होता. १० जून १९४९ रोजी कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात कोप्पी १९२ किलोमीटर एकटा पुढे राहिला, पाच घाट चढून उतरला आणि बार्तालीच्या ११ मिनिटे ५२ सेकंद आधी पोहोचला. त्याच काळात, १९४६ ते १९५१ या वर्षांत, सर्वांत शेवटी येणाऱ्यासाठी काळी जर्सी होती. तिच्यासोबत बक्षिसेही मिळत, म्हणून लुइजी मालाब्रोक्का वाटेत मुद्दाम लपून वेळ घालवत असे.

जिरोचा निकाल बहुतेक वेळा आल्प्स आणि डोलोमाइट्सच्या घाटांत लागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तो मान ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या चढांची महती वेगळी सांगायला नको. त्या-त्या वर्षीच्या मार्गातल्या सर्वांत उंच घाटाला १९६५ पासून 'चिमा कोप्पी', म्हणजे कोप्पीचे शिखर, म्हणतात. ५ जून १९८८ रोजी २,६१८ मीटर उंचीच्या गाव्हिया घाटात हिमवर्षाव सुरू असतानाही शर्यत थांबवली नाही. चढताना स्वार घामाने भिजले आणि उतरताना गारठले. बोटे इतकी बधिर झाली की ब्रेक दाबता येईना. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने लोकरी टोप्या, जाड हातमोजे आणि गरम चहाची सोय आधीच केली होती. टप्पा डच स्वार एरिक ब्रॉयकिंकने जिंकला, पण गुलाबी जर्सी हॅम्पस्टेनला मिळाली आणि त्याने ती शेवटपर्यंत राखली.

उत्तेजक द्रव्यांच्या संशयानेही जिरोला ग्रासले. १९९८ चा विजेता मार्को पंतानी पुढच्या वर्षी आघाडीवर असताना रक्ततपासणीत लाल पेशींचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले, आणि मादोन्ना दि काम्पिल्योहून त्याला घरी पाठवण्यात आले.

९ मे २०११ रोजी पासो देल बोक्को घाट उतरताना बेल्जियमचा २६ वर्षांचा वाउटर वेलांट पडून मरण पावला. दुसऱ्या दिवशी शर्यत झालीच नाही. सगळ्या स्वारांनी एकत्र, संथ गतीने त्या दिवशीचा टप्पा सायकलवरून पार केला. शेवटी त्याच्या संघाचे सोबती एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून सर्वांच्या पुढे रेषेपाशी आले. वेलांटचा क्रमांक १०८ होता. जिरोत तो क्रमांक आता कोणालाही दिला जात नाही.