थंडीत फुगा सुकतो, पण त्यातला गॅस जातो कुठे?

डिसेंबरात आमच्या धुळ्यात पहाटे आठ अंश आणि दुपारी अठ्ठावीस असं चालूच असतं, त्यात भाचीच्या वाढदिवसाला आणलेला चंदेरी हार्टचा फुगा रात्रभर गॅलरीत राहिला. सकाळी बघतो तर पार सुरकुतलेला, कडा आत वळलेल्या. शेजारचे आबा लगेच म्हणाले, "गॅस निंघी गया भाऊ!" आणि भावजी दुकानदाराशी भांडायला निघालेच होते. मी त्यांना दोरी बघायला सांगितली, कारण फुगा सुकला होता तरी दोरी ताठ होती! गॅस गेला असता तर ती ढिली पडली असती ना.

घरी किचनचा डिजिटल काटा होता. वाटी ठेवली, तिला फुगा बांधला, वाटीचं वजन साधारण 5 ग्रॅमने कमी दिसलं. दुपारी फुगा पुन्हा टम्म झाला, गॅलरीत सावलीतच परत मोजलं, तेवढंच. फुगा आकाराने लहानमोठा होतोय पण उचलायची ताकद तीच, ही गोष्ट मला इतकी आवडते की ती जरा सविस्तर सांगतो, कंटाळा करू नका.

शाळेत शिकलोय की वस्तू जेवढी हवा बाजूला सारते तेवढ्या हवेच्या वजनाइतकी वर ढकलली जाते. आता पहाटे गॅस आकसला, म्हणजे फुग्याने कमी लिटर हवा सारली, बरोबर? पण तीच थंडी बाहेरच्या हवेलाही लागलीय, हवासुद्धा दाट झालीय, म्हणजे लिटरमागे तिचं वजन वाढलं. तापमान आठावरून अठ्ठावीसवर गेलं की गॅस साधारण 7 टक्के फुगतो आणि हवाही तेवढीच विरळ होते, गुणाकार तिथल्या तिथे राहतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला, जेवढ्या जागेत 4 ग्रॅम हेलियम (आपल्या चंदेरी फुग्यातला गॅस) मावतो तेवढ्याच जागेत 29 ग्रॅम हवा मावते (अॅव्होगाड्रोचा नियम, दहावीनंतर विसरलेला). म्हणजे 4 ग्रॅम हेलियम 25 ग्रॅम उचलणार, पहाटे असो की दुपार, धुळ्यात असो की तोरणमाळला, फक्त फुगा फुगायला मोकळा हवा. यात्रेतल्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो, तो हेलियमच्या निम्म्या वजनाचा, मग दुप्पट उचलत असेल असं वाटतं ना? त्याचा हिशोब 29 वजा 2, म्हणजे 27. जेमतेम 8 टक्के फायदा, आणि त्यासाठी पेटता धोका पोरांच्या हातात द्यायचा! सिलिंडरमध्ये कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियमचे तुकडे टाकून तो जागेवरच तयार करतात, असं सिलिंडर दिसलं की लांबूनच पोरांना घेऊन निघा.

"मोकळा हवा" ही अट महत्त्वाची, कारण शहरावर भरकटलेले फुगे ओळखायला तीच कामाला येते. रबरी फुगा वर जाताना ताणत राहतो, म्हणून त्याची ताकद कमी होत नाही, तो मध्येच कुठे थांबत नाही, फुटेपर्यंत चढतो. हवामान खात्याचे फुगे असेच, रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींसाठी सोडतात, ते तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतात. चंदेरी फुगा मात्र ताणत नाही. एकदा टम्म झाला की आकार कायम, वर हवा विरळ होत जाते, आणि एक तर त्याची शिवण उकलते, नाही तर वजन जुळेल त्या उंचीवर तो तरंगत राहतो. हौशी रेडिओवाले तो मुद्दाम अर्धवट भरून छोटा ट्रान्समीटर बांधतात, असे फुगे पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलेत.

आमचा हार्ट चौथ्या दिवशी दोरीसकट निसटला आणि देवपुरातल्या एका लिंबाच्या झाडात अडकला. रात्रभर निपचित, सकाळी दहाच्या सुमारास ऊन त्याच्यावर पडलं आणि तो आपोआप उठून फांदीतून सुटायला लागला. वारा अजिबात नव्हता. खाली चार जण जमले, त्यातल्या एका काकूंनी हात जोडले. यात काहीच गूढ नाही, ऊन आतल्या गॅसला आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त तापवतं, मघाचा गुणाकार तेवढ्यापुरता बिघडतो. दहा अंशांचा फरक पडला तरी जेमतेम अर्धा ग्रॅम जास्त, पण गॅस झिरपून वजन जवळपास जुळलेल्या फुग्याला तेवढा पुरतो. रात्री घरात कमरेइतक्या उंचीवर फिरणारा फुगाही असाच वजन जुळलेला असतो, पंख्याच्या झुळकीनेही हलतो, त्याला भुताटकी म्हणून पोरांना घाबरवू नका.

तो सुटल्यावर मी गच्चीवर धावलो आणि मोबाईलच्या पूर्ण झूमवर दर अर्ध्या मिनिटाला फोटो काढले. तुम्हीही काढा, दर वेळी वेळ लिहा, चौकटीत टाकी किंवा टॉवरचं टोक येऊ द्या म्हणजे दिशा कळते. मग त्याच झूमवर रात्री चंद्राचा फोटो काढा. फुगा चंद्राएवढा दिसत असेल तर तो स्वतःच्या रुंदीच्या साधारण 110 पट लांब, म्हणजे 40 सेंटिमीटरचा फुगा 44 मीटरवर. अर्ध्या चंद्राएवढा, तर 88 मीटर. व्हॉट्सअॅपवर उडती तबकडी म्हणून फिरणारे ठिपके या एका हिशोबाने तपासता येतात. वायरीत अडकलेल्या चंदेरी फुग्याचा फोटो लांबूनच काढायचा, त्याला काठी लावायची नाही, वरचा अॅल्युमिनियमचा थर वीज वाहून नेतो.

माझ्या शेवटच्या फोटोत तो चंद्राच्या विसाव्या भागाएवढा आहे, म्हणजे साधारण 900 मीटर, लळिंग किल्ल्याच्या दिशेला.