एका जोडीत सगळा डोंगर: ऑल-माउंटन स्कीची पार्श्वभूमी

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली की सोलापुरातल्या ट्रेकिंगच्या मंडळींपैकी काहींना गुलमर्ग किंवा औलीचे वेध लागतात. पहिल्या वर्षी भाड्याच्या स्कीवर भागतं. दोन-तीन हंगाम झाले की प्रश्न पडतो, सगळ्या प्रकारच्या उतारांवर चालणारी, म्हणजे ऑल-माउंटन, स्वतःची एकच जोडी घ्यायची तर कोणती? इथे बर्फ नाही, स्कीचं दुकान नाही, हातात घेऊन वाकवून बघायची सोय नाही. ठरवायचं ते स्कीवर छापलेल्या आकड्यांवरून: 132-96-120, लांबी 176, आर 18. यातला प्रत्येक आकडा कुठल्यातरी जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे. ती अडचण समजली की आकडा आपोआप वाचता येतो.

नॉर्वेतल्या टेलीमार्क भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्की म्हणजे जवळजवळ सरळ कडांच्या लाकडी फळ्या होत्या. तिथल्या कारागिरांनी त्यात दोन बदल केले. फळी मधोमध किंचित वर उचललेली, म्हणजे कॅम्बर दिलेली; उभं राहिलं की ती दबते आणि वजन पुढे-मागे वाटलं जातं. दुसरा बदल म्हणजे फळी टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद केली. हाच साईडकट. अशी स्की कडेवर कलली की स्वतःहून वळते. मोर्गेदालच्या सोंद्रे नोरहाइमने टाचेमागून जाणारी, पिळलेल्या मुळ्यांची बाईंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी बांधणी) वापरून पाय स्कीला नीट जखडला आणि 1868 मध्ये ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लोतल्या स्पर्धेत हे तंत्र राजधानीला दाखवलं. आजच्या स्कीचा आराखडा तिथेच पक्का झाला. पुढची सगळी धडपड हा आराखडा कडक बर्फावर टिकवायची, मऊ बर्फावर तरंगवायची आणि शेवटी दोन्ही एकत्र जमवायची.

लाकडाची कड कडक बर्फावर लगेच गोल होते. साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरने 1926 मध्ये पोलादी कडांचं पेटंट घेतलं. त्या कडा तुकड्यातुकड्यांच्या आणि स्क्रूने बसवलेल्या होत्या. स्क्रू ढिले व्हायचे, तुकडे निघून पडायचे. तरी आल्प्सच्या गोठलेल्या उतारावर पकड मिळू लागली, आणि ती एकदा मिळाल्यावर मागे फिरणं शक्य नव्हतं.

लाकूड मात्र तसंच राहिलं. ते पाणी प्यायचं, वाकडं व्हायचं, दोन स्की कधी सारख्या निघायच्या नाहीत. हॉवर्ड हेड हा बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातला इंजिनिअर. 1947 मध्ये त्याने ॲल्युमिनियमचे पत्रे आणि हलका गाभा यांचं सँडविच करून पहिल्या जोड्या बनवल्या. त्या वाकवताच मोडल्या. पुढचे तीन हिवाळे तो दुरुस्त्या करून नवनवे नमुने पाठवत राहिला आणि प्रशिक्षक ते मोडून परत करत राहिले. 1950 मध्ये 'हेड स्टँडर्ड' टिकली: वर-खाली ॲल्युमिनियम, मध्ये प्लायवूड, कडेला पोलाद. ती इतकी सहज वळायची की लोकांनी तिला 'चीटर' म्हणायला सुरुवात केली. दोष एकच, वेगात ती थरथरायची. म्हणून पुढे थरांमध्ये रबर आलं. (हाच हेड पुढे टेनिसची मोठ्या डोक्याची रॅकेट घेऊन आला. थरथर कशी मारायची हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला.) 1960 च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या जाँ व्हुआर्नेने रोसिन्योलच्या धातूच्या स्कीवर डाउनहिलचं सुवर्ण जिंकल्यावर स्पर्धेतल्या लाकडी स्कीचे दिवस भरले.

त्याच दशकात फायबरग्लास आला. इथे यंत्रमागाच्या गावच्या वाचकाला फार समजावून सांगावं लागत नाही, कारण स्कीतला फायबरग्लास हे कापडच असतं, इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून गाभ्याभोवती घट्ट केलेलं. घरातला टॉवेल उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, तो तसूभर हलत नाही. आडव्या दिशेनेही तसंच. समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढला की मात्र सैल पडून लांबतो. स्कीचंही हेच. फक्त उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड वापरलं, तर स्की लांबीत वाकायला विरोध करते, पण पिळली जाते. कडेवर कललेली स्की पिळली की टोक बर्फावरून सुटतं, आणि पायाखाली पकड असूनही वळण घसरतं. म्हणून उभ्या धाग्यांबरोबर दोन्ही बाजूंना 45 अंशांत तिरके धागे घातलेलं कापड आलं, त्याला ट्रायअॅक्सियल म्हणतात. माहितीपत्रकात हा शब्द असला तर स्कीची पीळ रोखण्याची व्यवस्था केलेली आहे, इतकं नक्की समजावं. ज्यांना याहून जास्त हवं त्यांच्यासाठी टायटॅनलचे पातळ पत्रे असतात. त्यात टायटॅनियम असतं असा समज आहे. प्रत्यक्षात तो जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेला ॲल्युमिनियम आहे. त्याने थरथर दबते, पण वजन वाढतं आणि स्की ताठ होते. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला अखंड दोन पत्र्यांची स्की मध्यम वेगात वाकतच नाही, मग ती वळणार कशी? अशांनी पायाखालीच अर्धवट पत्रा असलेली, किंवा पत्रा अजिबात नसलेली घ्यावी.

इतकं होऊनही 1980 च्या दशकापर्यंत आकार जवळपास नोरहाइमच्याच काळातला होता. स्की लांब, 200 सेंटिमीटरच्या पुढे. हात वर करून मनगटापर्यंत पोचली की 'बरोबर'. साईडकट जेमतेम सात मिलिमीटर. वळवायला ताकद आणि वर्षांचा सराव लागायचा. स्लोव्हेनियातल्या एलान कारखान्यात युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच यांनी खोल साईडकटचं गणित मांडलं आणि 1993 मध्ये तशी 'एससीएक्स' ही स्की बाजारात आली. काही वर्षांत सगळ्यांनाच त्या वाटेने जावं लागलं. 1996 मध्ये अमेरिकेच्या ज्युनियर ऑलिंपिकमध्ये बोडी मिलर नावाच्या पोराने के-टू कंपनीच्या खोल साईडकटच्या 'फोर' स्कीवर शर्यती मारल्या, तेव्हा उरलेल्यांचीही खात्री पटली.

'आर' हा आकडा इथून आला, आणि तो घरी बसून पडताळता येतो. टोक 132, मधली रुंदी 96, शेपूट 120, सगळं मिलिमीटरमध्ये. टोक आणि शेपटाची सरासरी 126. त्यातून 96 वजा जाता 30. त्याचं निम्मं 15 मिलिमीटर, हा साईडकट. दोन्ही टोकांच्या सर्वांत रुंद जागांमधलं अंतर 1.48 मीटर धरा. त्याचा वर्ग 2.19. त्याला आठ गुणिले 0.015, म्हणजे 0.12 ने भागलं की उत्तर साधारण 18 मीटर. कडेवर फार न वाकवता स्की जे वर्तुळ कापेल त्याची ही त्रिज्या. सात मिलिमीटरच्या जुन्या लांब स्कीचं असंच गणित केलं तर पन्नास मीटरच्या पुढे जातं. सर्व प्रकारच्या उतारासाठी 16 ते 19 मध्ये राहावं. 13-14 ची स्की दाबलेल्या उतारावर मजा देते, पण तुडवलेल्या ढेकळांत टोक आपल्या मनाने वळायला बघतं आणि तोल जातो.

रुंदीची गोष्ट वेगळ्या डोंगरातली. कॅनडातल्या हेलिस्कीइंगमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरने वर जाऊन केलेल्या स्कीइंगमध्ये, पैसेवाले, वयस्क पाहुणे खोल भुसभुशीत बर्फात रुतून थकायचे. ॲटॉमिक या स्की कंपनीच्या रुपर्ट ह्युबरने 1988 मध्ये स्नोबोर्ड उभा चिरून त्याच्या दोन स्की केल्या आणि त्यातून 'पावडर प्लस' निघाली. तरण्या स्कीअर्सनी आधी नाकं मुरडली, मग स्वतःच पायात घातल्या. अमेरिकेत शेन मॅकॉन्की वॉटर स्कीवरून प्रेरणा घेऊन आणखी पुढे गेला. 2002 ची 'व्होलांट स्पॅट्युला' टोकांपेक्षा मध्ये रुंद होती आणि कॅम्बरच्या उलट दोन्हीकडे वर वाकलेली होती. पाण्यावर होडी तरंगते तशी ती मऊ बर्फावर तरंगायची, पण कडक बर्फावर बेभरवशाची. तिची पूर्ण नक्कल फारशी कुणी केली नाही. टोकाचा वर वळलेला भाग, म्हणजे रॉकर, मात्र सगळ्यांनी उचलला. पुढे पायाखाली कॅम्बर, टोकाला रॉकर, शेपटाला थोडा उचल, आणि मधली रुंदी 85 ते 105 असं मिश्रण रुळलं. आज ऑल-माउंटन म्हणून जे विकलं जातं ते हेच.

आता आपल्याकडचा बर्फ. गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया 1927 मध्ये ब्रिटिशांनी सुरू केला. गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा 1998 मध्ये आणि अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत जाणारा दुसरा 2005 मध्ये सुरू झाला. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, तर दुसरा टप्पा 4,000 मीटरच्या जवळ सोडतो. वरचा उतार बहुतांशी यंत्राने न दाबलेला. वादळानंतर गुडघाभर मऊ, दोन दिवसांनी तुडवलेला, मार्चमध्ये दुपारी ओला आणि सकाळी पापुद्रा धरलेला. युरोपातल्या घासूनपुसून दाबलेल्या उतारांसाठी 78-82 रुंदीची स्की सुचवणारे सल्ले इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आमचं मत स्पष्ट आहे. जे अजून खालच्या उतारावर वळणं पक्की करताहेत त्यांनी 82 ते 88 मधल्या रुंदीची घ्यावी. ज्यांना दुसऱ्या टप्प्यावरून मार्गदर्शकाबरोबर उतरायचं आहे त्यांनी 94 ते 102, टोकाला रॉकर असलेली. 110 च्या पुढची एकमेव जोडी म्हणून घेऊ नये. कडक बर्फावर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ घेते आणि तो भार गुडघ्यावर येतो. रुंद स्की हिमस्खलनापासून वाचवत नाही. वर जाणाऱ्याकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा संकेत पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं हवंच, आणि स्की पॅट्रोलने, म्हणजे उतारावरच्या सुरक्षा पथकाने, त्या दिवशी काय बंद ठेवलंय ते पाळायला हवं. लांबीचं म्हणाल तर 170 सेंटिमीटर उंच, 70 किलोच्या मध्यम स्कीअरला 168 ते 176. रॉकर जास्त असेल तर पाचेक सेंटिमीटर वाढवावेत, कारण उचललेलं टोक कडक बर्फाला टेकतच नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी बूट घ्यावेत, मापून. भाड्याची स्की चालून जाते, भाड्याचा सैल बूट सगळं शिकलेलं वाया घालवतो.

बाईंडिंग स्कीसोबत आली नसेल तर दोन गोष्टी चुकतात. ब्रेकची, म्हणजे सुटलेली स्की थांबवणाऱ्या पायांची, रुंदी मधल्या रुंदीइतकी किंवा फार तर 15 मिलिमीटर जास्त हवी. कमी असली तर ब्रेक खाली येत नाही, जास्त असली तर कललेल्या स्कीचा ब्रेक बर्फात अडकतो. दुसरी गोष्ट भोकाची. पत्रा नसलेल्या स्कीला 3.5 मिलिमीटरचं, टायटॅनल असलेल्याला 4.1 चं बिट लागतं, खोली 9 मिलिमीटर. पत्र्यात 3.5 चं भोक पाडून स्क्रू पिळला की वरचा थर फुगून वर येतो आणि स्क्रू कधीच घट्ट बसत नाही. भोकात थोडा गोंद घालायचा, नाहीतर पाणी लाकडी गाभ्यात उतरतं. हे काम जिग (भोकांची जागा ठरवणारा साचा) असलेल्या स्की-दुकानातच करून घ्यावं, सोलापुरात सुताराकडे नेऊ नये. पडल्यावर बाईंडिंगमधून बूट किती जोराने सुटेल ते ठरवणारा डीआयएन आकडाही वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून तिथेच लावून घ्यावा. मित्राचा आकडा उचलू नये.

परत आल्यावर खरी कसोटी उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी वर. थर जोडणारं इपॉक्सी अशा उष्णतेने मऊ पडू शकतं, आणि दाबून बांधलेल्या स्कीचा आकार बिघडतो. बॅगेतून काढून कडा कोरड्या पुसाव्यात, गंज असेल तर घासून काढावा, बेसवर, म्हणजे खालच्या बाजूला, मेणाचा जाड थर द्यावा आणि तो खरवडू नये. जोडी पट्ट्याने आवळून न बांधता, स्लॅबखालच्या खोलीत, आतल्या भिंतीला आडवी ठेवावी. बूट पूर्ण वाळवून, बकल हलकेच लावून. पुढच्या हिवाळ्यात निघण्याआधी मेण खरवडायचं आणि कडांवरून नख फिरवून बघायचं. नख सोललं नाही तर गुलमर्गला पोचल्यावर आधी धार, मग उतार.