स्ट्रेंथ ८५, तरी चित्र फाटतंय?

अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. पण मुंग्यांच्या आडून का होईना, मॅच दिसायची. डिशचं तसं नाही. चित्र शेवटपर्यंत ठणठणीत राहतं आणि मग एकदम चौकोन फुटतात, आवाज अडखळतो, पडदा काळा होतो. अशा वेळी मेनूत जाऊन सिग्नलच्या पट्ट्या बघायच्या, हे आता घरोघरी ठाऊक आहे. घोळ होतो तो पट्ट्या दोन असल्यामुळे. स्ट्रेंथ ८५ दिसली की माणूस म्हणतो, सिग्नल तर फुल आहे, बॉक्सच गेला असणार. मग विनाकारण नवा बॉक्स येतो.

स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत एकूण किती शक्ती पोचली. ती कशाची, हे ती पट्टी विचारत नाही. क्वालिटी म्हणजे त्यातलं उपग्रहाचं म्हणून किती स्वच्छ वाचता आलं. लग्नाच्या मांडवात शेजारचा कानाशी लागून बोलतोय असं समजा. मांडवातला सगळा गलबला ही स्ट्रेंथ, आणि त्याचं बोलणं किती कळलं ती क्वालिटी.

पटत नसेल तर एकाला टीव्हीसमोर बसवा आणि गच्चीवर जाऊन डिशच्या दांडीवरच्या एलएनबीसमोर, म्हणजे डिशने गोळा केलेला सिग्नल टिपून केबलमध्ये सोडणाऱ्या डबीसमोर, तळहात धरा. क्वालिटी शून्यावर येते, स्ट्रेंथ मात्र बहुतेक बॉक्सवर फारशी हलत नाही. एलएनबीचा स्वतःचा गोंगाट आणि तुमच्या हाताची ऊबसुद्धा ती मोजत बसते! मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा तर उलटीच गंमत होते. सूर्याच्या गोंगाटाने स्ट्रेंथ वाढूही शकते, पण काही मिनिटं चित्र मात्र गायब. तेव्हा डिशला हात लावू नका.

पावसातही तेच. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या, त्यामुळे मुसळधार सरीत त्या शोषल्या आणि विखुरल्या जातात. सर ओसरली की चित्र परत येतं. ऊन पडल्यावरही क्वालिटी खालीच असेल, तर मात्र वाऱ्याने डिश हलली आहे, आंब्याची नवी फांदी आडवी आली आहे किंवा जॅकमध्ये पाणी शिरलं आहे. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. इथे एका अंशाची चूक झाली की तिथे ६०० किलोमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून डिश केसभर सरकवायची, थोडं थांबायचं, आणि नजर फक्त क्वालिटीवर ठेवायची.

बूस्टर लावा म्हणणारे भेटतीलच. बूस्टर बोलण्याबरोबर गलबलाही वाढवतो. लांबलचक केबलमुळे स्ट्रेंथच पडली असेल तर त्याचा उपयोग आहे. क्वालिटी गेली असेल तर पैसे वाया.

दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर डिश फिरवत बसू नका. एलएनबीला वीज बॉक्सकडूनच, त्याच केबलमधून जाते, तेव्हा केबल तुटली असेल, जॅक सुटला असेल किंवा एलएनबी गेला असेल. जॅक काढण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स खरोखरच जायचा.