न पडता मोडलेलं हाड

आषाढी वारी करून गोव्यातल्या साखळीला परतलेली आमची मावशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "अगं, मी कुठे पडले नाही की ठेचकाळलेही नाही!" डावा पाय मात्र चवड्यावर टम्म सुजलेला.

दिवसाला २५ किलोमीटर चालायचं तर साधारण ३५ हजार पावलं पडतात. म्हणजे एकेका पायावर सतराएक हजार. यातलं एकही पाऊल इजा करण्याएवढं जोरकस नसतं, म्हणूनच दुखणं कुठून आलं ते कळत नाही.

मावशीचं पहिलं दुखणं दुसऱ्याच दिवशी आलं, टाचेला फोड. कातडी वरून घासली जाते म्हणून फोड येतो असं आपण समजतो. पण एक करून बघा. हाताच्या पाठीवर बोट टेकवा आणि न घसरवता मागे-पुढे हलवा. बोट जागचं सुटत नाही, तरी खालची कातडी ताणली जाते. बुटात हेच घडतं. वरची कातडी मोज्याला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या थरांची ओढाताण होते. हजारो पावलांनंतर ते थर सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. ओलसर कातडी मोज्याला जास्त धरून बसते. आपल्या जून-जुलैच्या पावसात मोजे सुकणार कधी? मावशीने फोडातून सुईदोरा ओवला होता. पाणी निघून जातं खरं, पण तो दोरा जंतूंसाठी आत जायची वाटच. मधुमेह असेल तर हा प्रयोग मुळीच नको. फोडाची साल हीच उत्तम पट्टी, ती सोलू नये.

मांड्यांचं गणित वेगळं. केरीहून चोर्ला घाट चढताना धाप लागते, पण मांड्या भरून येतात त्या उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन आवरून धरतो. त्याचं दुखणं एक-दोन दिवसांनी टिपेला पोचतं आणि आपलं आपण जातं.

हाड मात्र असं सांगून दुखत नाही. चार-पाच दिवसांत दम लागेनासा होतो, स्नायू सरावतात आणि अंगात बळ आल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर सगळ्या चालीतला हाच काळ सगळ्यात फसवा. कारण हाडाची डागडुजी फार संथ असते. जुन्या घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी खराब चिरे काढतो, तसं शरीर आधी थकलेलं हाड पोखरून काढतं. त्याला काही आठवडे लागतात, नवं भरायला काही महिने. मधल्या काळात भिंतीला भोकं असतात आणि आपण वर रोज ३५ हजार पावलं मारत असतो. साठी उलटलेल्या बाईचं हाड तर मुळातच विरळ झालेलं.

प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये कवायती करणाऱ्या सैनिकांच्या अशाच सुजलेल्या पायांचं वर्णन केलं. आत हाडाला चीर आहे हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं, कारण क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. आजही या दुखण्याला मार्च फ्रॅक्चर, म्हणजे चालून चालून मोडलेलं हाड, म्हणतात. बहुतेकदा चवड्यातलं दुसरं किंवा तिसरं लांब हाड तडकतं. दुसऱ्याचं मूळ शेजारच्या हाडांत घट्ट रुतलेलं असतं, त्याला हलायला जागाच नसते.

ओळखायची खूण अशी की स्नायूचं दुखणं पसरट असतं. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं, तिथेच दाबलं की कळ येते आणि चालावं तशी ती वाढते. मावशी नेमकं तसंच बोट ठेवून दाखवायची.

पहिला एक्स-रे स्वच्छ आला, कारण इतकी बारीक चीर सुरुवातीला बहुधा दिसतच नाही. म्हणून मावशी दुसऱ्या दिवशी लंगडत देवळात भजनाला गेली. तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला, तेव्हा दुसऱ्या हाडाभोवती कापसासारखा पांढुरका गोळा दिसला. हाड जुळायला लागलं होतं.